डोक्याकडची बाजू

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आमच्या जैनांच्या देवळाला आमच्याकडं बस्ती म्हणतात — तिथं दर वर्षी हात जोडून उभी राहते, पण तिथंसुद्धा मनातल्या मनात हे शब्द कधी नीट जुळवले नाहीत. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मलाही धड माहीत नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि बोलते. मध्ये अडखळले तर जरा थांबा. उठून जाऊ नका, एवढंच — नाही, तेही राहू दे. जायचं वाटलं तर जा.

मी भूलतज्ज्ञ आहे. कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं. लोकांना ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं नाव पाठ असतं, आम्ही आपल्या नुसत्या ‘भूल देणाऱ्या मॅडम’. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझं तोंड तिखट, आवाज मोठा, आणि दिवसाकाठी दोघाचौघांची खेचल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. टेबलावर घेतलेला माणूस भेदरलेला असतो. त्याच्या उशाशी उभं राहून बडबड करायची, त्याला हसवायचं, आणि त्याचं लक्ष नाही असं बघून सुई टोचायची — हे माझं हुकमी काम. माझं एक वाक्य तर ठरलेलंच होतं. घाबरायचं काम आमचं, तुमचं काम झोपायचं. किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. बहुतेक जण हसायचे.

आता एक गोष्ट समजावून सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टेबलावर पेशंटच्या छातीवर आडवा पडदा लावतात. पडद्याच्या पलीकडं पोट, सर्जन, सिस्टर आणि हत्यारं. अलीकडं पेशंटचं डोकं आणि मी. पेशंट जागा असला, नुसता पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलेला असला, तरी सर्जन त्याला काही विचारत नाही. मला विचारतो, पेशंट कसा आहे म्हणून. मी बरा म्हटलं की तो बरा. मी थांबा म्हटलं की सगळ्यांचे हात थांबले. कारण भीतीपोटी माणूस नुसता कापडाचा स्पर्श झाला तरी ओरडतो. कोण दुखतंय म्हणून ओरडतोय आणि कोण भ्यालाय म्हणून, हे ओळखणं म्हणजेच तर माझं शिक्षण. थिएटरमध्ये डोक्याकडच्या माणसाचा शब्द शेवटचा असतो. त्यावर कुणी शंका घेत नाही, आणि घेऊही नये.

मग कोविड आला.

तुम्हाला वाटेल, तेव्हा ऑपरेशनवाल्यांना काय काम होतं? सगळं बंदच होतं की. पण फुटलेलं अपेंडिक्स लॉकडाऊन उठायची वाट बघत नाही, आणि अडलेली बाईही बघत नाही. अशी तातडीची कामं चालूच होती. कोण आत जाणार याच्या आम्ही चिठ्ठ्या टाकायचो, चहाच्या स्टीलच्या पेल्यात. ज्याची चिठ्ठी निघेल तो हसायचा, जरा जास्तच मोठ्यानं, आणि किट चढवायला जायचा. कपडे बदलायच्या खोलीत कापूर आणि ओव्याच्या पुरचुंड्यांचा वास कोंदलेला असायचा. कुणाच्या आईनं काढा दिलेला असायचा, तो सगळ्यांना प्यावा लागायचा. किट चढवल्यावर कोण कोण ते कळायचं नाही, म्हणून आमच्या कांबळे सिस्टर पाठीवर मार्करनं नावं लिहायच्या. माझ्या पाठीवर एकदा त्यांनी नावाऐवजी ‘नाद करायचा न्हाय’ असं लिहिलं होतं आणि मी दिवसभर तसंच मिरवलं. दिसायला सगळी मजाच चालली होती. आत काय चाललं होतं ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

पेल्यात माझ्या नावाची चिठ्ठी नसायची. आमचे दुसरे भूलतज्ज्ञ आजारी पडून घरी होते. उरले मी एकटी, मला कसली चिठ्ठी?

पूर्ण भूल द्यायची म्हणजे पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी त्याच्या उघड्या तोंडावर वाकावं लागतं, इतकं जवळ की त्याचा श्वास आपल्याला लागावा. सगळा धोका त्या वेळेतच. म्हणून नियम असा होता की नळी घालताना बाकी सगळ्यांनी बाहेर जायचं. सर्जन बाहेर, सिस्टर बाहेर. दार लोटलं जायचं आणि आत तो पेशंट आणि मी. चष्म्यावर वाफ धरायची. आपल्याच श्वासाचा आवाज कानात घुमायचा. ज्या सरांनी मला नळी घालायला शिकवली, ते सर दुसऱ्या लाटेच्या तोंडालाच गेले. त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात एक पेशंट नळी घालताना जोरात खोकला आणि माझं तोंडावरचं कवच सरकलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी सासूबाई दम्याच्या. मी माडीवरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि वास येतोय का बघायला सारखी अत्तराची कुपी हुंगत बसले. काही झालं नाही मला. पण परत कामावर गेले ती बाई वेगळीच होती.

हे ऐकून तुम्हाला वाटत असेल, ही बाई आता सबब सांगणार. नाही. ही भीती सगळ्यांनाच होती. मोहिते सरांना होती, आमच्या सर्जनना — ते दर ऑपरेशननंतर पार्किंगमध्ये गाडीत एकटेच बसून राहायचे. कांबळे सिस्टरांना होती. त्यांच्यापैकी कुणी ते केलं नाही, जे मी केलं.

माझं माहेर पेठ वडगावचं. आमच्या गल्लीत, आमच्या दारासमोरून दोन घरं सोडून, आनंदा पोवार राहतो. माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठा, म्हणून आम्हा भावंडांचा आनंदादा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो ओतकाम करायचा. भट्टीतून काढलेलं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. तिथं हात थरथरून चालत नाही, आणि त्याचा थरथरायचा नाही, हे त्याच्या तोंडून नाही तर दुसऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेलं. नवीन आलेल्यांना आधी त्याच्याजवळ उभं करायचे म्हणे, तो कसा उभा राहतो ते बघा म्हणून. गल्लीत मला सगळे आक्का म्हणतात, तोही म्हणायचा. लहानपणी अगं-तुगं करायचा, मी डॉक्टर झाल्यावर मात्र अहो-जाहोवर आला. मी हसायचे, पण मी त्याला कायम अरे-तुरेच केलं.

त्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी भावाचा फोन आला. आनंदादाच्या जांघेत जुना हर्निया होता, त्यात आतडं अडकलं होतं. पोट फुगलेलं, उलट्या चाललेल्या. वडगावात आणि वाटेत दोन ठिकाणी त्याला घेतलं नव्हतं, कोविडच्या भीतीनं. मी म्हटलं, आण इकडं. इथवर मी बरी वागले, एवढं तरी ऐकून ठेवा. मोहिते सरांशी मीच बोलले, बेडही मीच मिळवला.

स्ट्रेचरवरून आत येताना तो मला त्या पांढऱ्या किटमध्ये ओळखेना. मी बोलल्यावर ओळखलं. मग त्यानं ढकलत आणणाऱ्या मावशींना सांगितलं, ‘ही आमच्या गल्लीतली हाय. आता मला कशाचं भ्या न्हाय.’

आणि तो खोकला. साधा, कोरडा खोकला. मी विचारलं कधीपासून, तर म्हणाला कायमचाच आहे, भट्टीच्या धुराचा. झटपट टेस्ट निगेटिव्ह होती, पण तिच्यावर कोण विसंबतंय? खरा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. मी ऐकला तो फक्त खोकला.

मी त्याला पाठीत सुई दिली, कमरेखाली बधिर केलं. ते बरोबरच होतं. कुणीही तेच केलं असतं. माझं नेहमीचं वाक्यही टाकलं, घाबरायचं काम आमचं, आणि तो हसला. सरांनी चीर दिली तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. फाउंड्रीत आता निम्मीच माणसं येतात वगैरे तो मला सांगत होता. मग सरांनी आत हात घालून आतडं बाहेर ओढलं. एक तुकडा काळा पडला होता, तो कापून पुढचं-मागचं जोडायला हवं होतं.

आता हे बघा. खालचं सगळं बधिर असलं तरी आतडं ओढलं की वर, थेट बेंबीच्या वर, कळ जाते. पाठीतली सुई तिथंपर्यंत पुरत नाही. हे पुस्तकात आहे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं आहे. सरांना थांबा म्हणायचं, पूर्ण भूल द्यायची, नळी घालायची. नळी माझ्या हाताशी ट्रॉलीवर होती. मीच ठेवली होती.

आनंदादा बोलता बोलता थांबला. त्याच्या कपाळावर घाम फुटला. मग म्हणाला, आक्का, पोटात वर कायतर लई वडतंय. मी म्हटलं, ओढल्यासारखं वाटणारच, दुखत नाही ते. त्यानं प्रयत्न केला हो — दात आवळून पडून राहिला, मला दिसत होतं. नाडी धावायला लागली होती, मशीनवर आकडे वर चढत होते. त्या आकड्यांना काही भीती वाटत नव्हती, ते खोटं कशाला बोलतील? मी शिरेतून थोडं दुखणं मारायचं औषध सोडलं. थोडंच. जास्त सोडलं तर श्वास मंदावतो, आणि श्वास मंदावला की तोंडावर मास्क दाबून धरावा लागतो, जवळ जावं लागतं. तुमच्या लक्षात येतंय ना? मी औषध त्याच्या दुखण्याकडं बघून मोजत नव्हते. त्याच्या तोंडापासून मला किती लांब राहता येईल, ते मोजत होते.

मग तो ओरडला. सरांनी हात थांबवले. पडद्यावरून त्यांचा चष्मा माझ्याकडं वळला आणि त्यांनी विचारलं, मॅडम, दुखतंय का त्यांना? पूर्ण भूल देता का? आम्ही जखम झाकून बाहेर जातो.

आणि माझ्या डोळ्यांपुढं ते दार आलं. लोटलेलं दार, आत मी आणि तो, आणि त्याचं उघडं तोंड.

मी म्हणाले, ‘दुखत नाही, सर. घाबरलाय तो. तुम्ही चालू ठेवा.’

झालं. सांगून झालं बघा. एवढंच वाक्य आहे, आणि ते बोलताना माझा आवाज जराही कापला नाही. सरांनी मान डोलावली. का नाही डोलावणार? डोक्याकडच्या माणसाचा शब्द होता तो. त्यांनी आतडं पुन्हा हातात घेतलं.

आनंदादानं मान मागं टाकून माझ्याकडं बघितलं. उलटं. उशाशी उभं राहिलं की माणसाचा चेहरा आम्हाला नेहमी उलटाच दिसतो. इतक्या वर्षांचं अहो-जाहो त्याच्या तोंडून गळून पडलं. म्हणाला, ‘आक्का, दुकतंय गं. खरंच दुकतंय.’

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. हातमोज्यातला. आणि मी पडद्यापलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, अरे लोखंड ओतणारा गडी तू, आणि सुईच्या भुलीला एवढा भितोस होय? पलीकडं कुणीतरी हसलं. कांबळे सिस्टर माझ्या शब्दावर विसंबून पुढं आल्या, त्याचा हात घट्ट धरला आणि लहान मुलाला दटावतात तसं त्याला दटावलं. त्या माउलीला काय ठाऊक? मी माझ्याबरोबर त्यांनाही त्यात ओढलं. त्यानंतर तो ओरडला नाही. ओठ चावून कण्हत राहिला, ते काम संपेपर्यंत. किती वेळ, ते मी सांगू शकते, घड्याळ समोरच होतं. पण नाही सांगत. तुम्हाला ते कमी वाटेल याची भीती वाटते.

बाहेर त्याची बायको, सुरेखावहिनी, आणि त्याचा धाकटा भाऊ उभे होते, तोंडाला फडकं बांधून. ऑपरेशन छान झालं होतं, अगदी नमुनेदार. मी तसं सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, तो उद्या यांना सांगेल, मला दुखत होतं म्हणून. मग मला विचारतील. म्हणून मी आधीच पेरून ठेवलं — हसून, माझ्या नेहमीच्या पद्धतीनं. म्हटलं, तुमचे हे भट्टीपुढं उभे राहतात तरी कसे हो, आत तर नुसता आरडाओरडा. दुखतंय दुखतंय म्हणे, एवढी भूल दिलेली असताना. भीतीनं भास होतो कधीकधी माणसाला. सुरेखावहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, त्या पाण्यासकट त्या हसल्या. सुटल्याचं हसू ते. भाऊही हसला. कोविडच्या त्या दिवसांत हसायला मिळालेली गोष्ट माणसं अशी-तशी सोडतात होय?

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

माझा विनोद वडगावात माझ्याआधी पोहोचला. काही महिन्यांनी माहेरी गेले तर गल्लीत त्याच्यावरून थट्टा चालू होती. वाईट बुद्धीनं नाही, आमच्याकडं माणसावर प्रेम असलं की त्याची टर उडवतात. आनंदा आला, सुई लपवा. असलं काहीतरी. फाउंड्रीतही गेलं होतं ते, त्याच्या भावामार्फत. मी ऐकलं आणि काय केलं असेल? मीही हसले. गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत. आनंदादा त्याच्या दारात उभा होता आणि तोही हसत होता.

पुढं कळलं, त्यानं ओतकाम सोडलं. तिथंच गेटवर बसतो, गाड्यांच्या नोंदी करतो. तब्येतीमुळं असेल असं भाऊ म्हणाला. मी म्हटलं, असेल. ऑपरेशननंतर काही दिवस जड काम नकोच, असंही वर सांगितलं, डॉक्टर म्हणून. माणूस स्वतःलाच किती सफाईनं फसवतो बघा.

आमच्यात पर्यूषण संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची. पूर्वी घरोघर जायचे. माझे अण्णा, म्हणजे वडील, ज्याच्याशी बांधावरून भांडण असेल त्याच्या घरी आधी जायचे. आता काय, एक मेसेज लिहायचा आणि फोनमधल्या झाडून सगळ्यांना पाठवायचा. दूधवाल्यापासून सर्जनपर्यंत. मीही तेच करते. गेल्या वर्षी मेसेज पाठवून मी स्वयंपाकाला लागले, तेवढ्यात फोन वाजला. आनंदादा. त्याचा नंबर त्याला दाखल केल्यापासून माझ्या फोनमध्ये होता; मेसेजवाला फोन त्यानं त्याच वर्षी घेतला होता, म्हणून पहिल्यांदाच त्यालाही तो गेला होता.

त्याला वाटलं, मी तो खास त्यालाच लिहिलाय. अवघडून गेला होता बिचारा. म्हणाला, ‘आक्का, तुमी कशाला माफी मागताय? मीच मागायला पायजे. त्या दिवशी मी लई तरास दिला तुमास्नी. सगळ्यांचा जीव धोक्यात, आन् मी आपला भिऊन वरडत बसलो. मी असा हाय हे मला म्हाईतच न्हवतं बगा.’

गॅसवर आमटी उतू जात होती. मी ती बघत राहिले. आता सांग, आता सांग — माझं मन म्हणत होतं. एक वाक्य. आनंदादा, तुला दुखत होतं. बास.

मी म्हणाले, असू दे रे, होतं असं.

तो पुढं म्हणाला, आणि ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण त्याच्या शब्दांत सांगायला जीभ वळत नाही. भट्टीपुढं उभं राहायला स्वतःवर भरवसा लागतो. हाताला चटका बसला तर तो खरा बसला की भास, हे ज्याला समजत नाही त्यानं लोखंड हातात घेऊ नये. बाजूच्या माणसांचे पाय असतात खाली. म्हणून त्यानं काम सोडलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं. त्यानंच जाऊन सांगितलं होतं, मी बसतो गेटवर.

क्षमा मागायची तर काय केलं ते आधी तोंडानं सांगावं लागतं. अण्णा तसंच करायचे. बांधाला हात लावून, इतका-इतका मी सरकवला, असं म्हणायचे. मी जे पाठवत होते त्यात काय होतं? कळत-नकळत. केवढा सोयीचा शब्द आहे.

तुम्ही म्हणाल, संपलं. नाही हो. अजून आहे.

यंदा थंडीच्या सुमारास सुरेखावहिनींचा फोन आला. दुसऱ्या बाजूला हर्निया झाला होता, मोठा होत चालला होता, आणि आनंदादा ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हता. पट्टा बांधून हिंडत होता. तुमी सांगितलं तर ऐकतील, म्हणाल्या. मी ओळखलं, इथं थांबलं तर पुन्हा आतडं अडकणार. या वेळी वेळेत पोहोचेल न पोहोचेल. मी वडगावला गेले. त्याच्या ओसरीवर बसले, सुरेखावहिनींनी चहा दिला. त्यानं मान खाली घालून सांगितलं की दुखण्याची नाही, स्वतःची भीती वाटते. पुन्हा तिथं जाऊन सगळ्यांपुढं तसं व्हायला नको. त्यापेक्षा जे व्हायचं ते होऊ दे.

त्याचा जीव माझ्या एका वाक्यावर अडकला होता. इतकं सरळ कधी कुणापुढं काही येत नसेल. सुरेखावहिनी आत गेल्या होत्या. ओसरीवर आम्ही दोघंच. सांगायला असा एकांत पुन्हा कुठं मिळणार होता?

मी म्हणाले, या वेळी तुला पूर्ण झोपवते. तुला काही कळणारच नाही, म्हणजे भ्यायचा प्रश्नच नाही.

म्हणजे बघा, मी त्याला वाचवलं. त्याच खोट्यावर पाय देऊन. तो तयार झाला.

ऑपरेशनच्या दिवशी मोहिते सरांनी विचारलं, साध्या हर्नियाला पूर्ण भूल कशाला मॅडम, पाठीत सुई देऊन भागेल की. बरोबर विचारलं त्यांनी. कांबळे सिस्टर ट्रॉली लावत होत्या, त्यांनीही वळून बघितलं. मी काय उत्तर दिलं असेल? तुम्हाला आता अंदाज आला असेल.

मी म्हणाले, पेशंट घाबरट आहे, सर.

आता कोणी बाहेर जात नाही. दार लोटत नाहीत. पातळसा मास्क लावून मी त्याच्या उघड्या तोंडावर वाकले आणि नळी घातली. पापणी लवायच्या आत झालं. हेच होतं ते. एवढंच करायचं होतं तेव्हा.

काम संपल्यावर नळी काढली, त्याला हाका मारल्या. तो हळूहळू शुद्धीवर आला. डोळे उघडले, मला शोधलं. मी उशाशीच होते. चेहरा पुन्हा उलटाच. घसा बसलेला, ओठ कोरडे. झालं? त्यानं विचारलं. मी म्हटलं, झालं. त्यानं जरा दम घेतला. मग त्याच्या तोंडावर हसू आलं, शाळेतला मुलगा निकाल घेऊन घरी येतो तसलं.

‘आक्का,’ तो म्हणाला, ‘या टायमाला मी भ्यालो न्हाय न्हवं?’

सिस्टर बघत होत्या. सर हातमोजे काढत होते. त्याचा हात माझ्या हातात होता.

मी म्हणाले, ‘नाही रे. शाब्बास.’